1967 ते 1969 चे अल्बम: कोणत्या क्रमाने ऐकावेत, आणि मोनो घ्यावा की स्टिरिओ

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. घरी शास्त्रीय संगीत ऐकत तुम्ही वाढलात आणि आता साठच्या दशकाच्या अखेरचे रॉक, जॅझ, सोल आणि ब्लूज या चारही प्रकारांतले अल्बम नीट ऐकावेत असे तुम्हाला वाटते. ‘सर्वोत्तम शंभर’ छापाच्या याद्या हाताशी आहेत, त्यांतले वीसेक अल्बम ऐकूनही झाले, तरी चित्र काही जुळत नाही. म्हणून तुम्ही विचारता की एकेक प्रकार संपवत जावे की वर्षांप्रमाणे जावे, आणि विकत घेताना मोनो (दोन्ही स्पीकरांवर एकच आवाज) घ्यावा की स्टिरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरवर वेगवेगळा आवाज). शिवाय काकांकडून मिळालेल्या चार तबकड्यांपैकी एकीवर ‘इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड स्टिरिओ’ असे छापलेले आहे, ते काय प्रकरण आहे हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

जुन्या तबकड्या स्वच्छ करून त्यांचे डिजिटल रूपांतर करणे हे माझे सत्तावीस वर्षांचे काम आहे आणि या तीन वर्षांतले अल्बम माझ्या सुईखालून अनेकदा गेले आहेत. तरी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, हे आधी मान्य करतो. तुमच्याकडे टर्नटेबल कोणते आहे, ॲम्प्लिफायरला मोनोचे बटण आहे का, तुम्ही स्पीकरवर ऐकता की हेडफोनवर, या सगळ्यांनी मोनो-स्टिरिओचे उत्तर बदलते. क्रमाबद्दल मात्र माझे मत पक्के आहे. प्रकारांप्रमाणे जाऊ नका आणि क्रमवारीप्रमाणे तर मुळीच जाऊ नका. स्टुडिओ आणि साथीदार धरून जा.

आपण मैफलीला जातो तेव्हा गायकाच्या नावाइतक्याच सहजपणे तबल्याला कोण आहे, पेटीला कोण आहे हे विचारतो, कारण साथ बदलली की त्याच गायकाचा त्याच रागातला ख्याल वेगळा उभा राहतो हे आपल्याला ठाऊक असते. पाश्चात्त्य अल्बम ऐकताना ही सवय आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि कव्हरवरच्या एका नावावर विसंबतो. रॉक, जॅझ, सोल, ब्लूज हे कप्पे पुष्कळसे दुकानांनी आणि रेडिओने पाडलेले आहेत. वादक आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर या कप्प्यांमधून रोज ये-जा करत होते, आणि ती ये-जा दिसू लागली की तुम्ही म्हणता ते चित्र आपोआप जुळू लागते.

सुरुवात अमेरिकेतील मेम्फिस शहरापासून करा. तिथल्या ईस्ट मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवर एका जुन्या चित्रपटगृहात स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ होता. खुर्च्या काढून टाकल्या, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली. इथे साथीला बसणारे चार जण म्हणजे ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बास गिटारवर डोनाल्ड ‘डक’ डन आणि ड्रम्सवर अल जॅक्सन. ओटिस रेडिंगच्या सोल गाण्यांमागे हेच चौघे आहेत, जून 1967 मध्ये माँटरेच्या महोत्सवात त्याच्यामागे उभे राहिलेही हेच, आणि ऑगस्ट 1967 मध्ये आलेल्या अल्बर्ट किंगच्या ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या ब्लूज अल्बममध्येही हेच चौघे आहेत. याद्यांमध्ये रेडिंगचा अल्बम सोलच्या रकान्यात असतो, किंगचा ब्लूजच्या. दोन्ही लागोपाठ ऐका आणि फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या. ठोका किंचित मागे रेलून टाकण्याची अल जॅक्सनची रीत दोन्हीकडे तीच आहे.

अल्बर्ट किंगपाशी थोडे थांबतो, कारण सतार ऐकलेल्या कानाला हा वादक लगेच कळतो. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरून वाजवत असे. त्यामुळे एरवी जमिनीच्या बाजूला येणारी सर्वांत बारीक तार त्याच्याकडे वरच्या बाजूला येई. इतर गिटारवादक स्वर चढवण्यासाठी ती तार वर ढकलतात, अल्बर्ट किंग ती खाली, तळहाताच्या दिशेने ओढायचा. ढकलण्यापेक्षा ओढण्यात हाताचे बळ जास्त लागू होते, म्हणून त्याचा स्वर एका जागेवरून सुटून पुढच्या स्वरावर सावकाश, वजनाने पोचतो आणि वाटेतल्या श्रुती ऐकू येतात. आपण ज्याला मींड म्हणतो ती हीच. या अल्बममधील ‘ओह, प्रिटी वुमन’ हे गाणे लावा आणि तो एका ओढीत किती अंतर कापतो ते मोजून पाहा. मी पहिल्यांदा हे लक्षपूर्वक ऐकले तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ती बाजू पुन्हा पहिल्यापासून लावली होती.

लगेच नंतर क्रीम या इंग्लिश त्रयीचा ‘डिझरेली गिअर्स’ हा नोव्हेंबर 1967 चा अल्बम ऐका. त्यातल्या पहिल्याच गाण्यात, ‘स्ट्रेंज ब्रू’मध्ये, त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याचा एकल तुकडा थेट अल्बर्ट किंगच्या वळणाचा आहे. इथे एक शंका येईल. क्रीमचे हे गाणे एकेरी रेकॉर्डच्या रूपात जून 1967 मध्येच बाहेर आले होते आणि अल्बर्ट किंगचा अल्बम तर ऑगस्टमधला. मग उचल कोणी कोणाची केली? उत्तर असे की अल्बर्ट किंगची ती गाणी 1966 पासून एकेक करून छोट्या रेकॉर्डवर येत होती, अल्बम ही त्यांची नंतर बांधलेली मोट होती. पुढच्याच वर्षी क्रीमने ‘व्हील्स ऑफ फायर’मध्ये ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ हे गाणेच घेतले.

यावरून एक नियम मी स्वतःसाठी केला आहे आणि तो तुम्हालाही सुचवतो. कव्हरवरचे प्रकाशनवर्ष वाचून क्रम लावू नका, ध्वनिमुद्रणाची तारीख शोधा. जॅझमध्ये तर हे फारच गरजेचे आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन जुलै 1967 मध्ये वारला, पण त्याने त्याच वर्षी फेब्रुवारीत केवळ ड्रमवादक रशीद अलीसोबत ध्वनिमुद्रित केलेला ‘इंटरस्टेलर स्पेस’ बाहेर आला 1974 मध्ये. वर्षांप्रमाणे लावलेल्या यादीत तो त्याच्या काळापासून सात वर्षे दूर जाऊन पडतो.

मेम्फिसनंतर न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीकडे या आणि टॉम डाऊड या इंजिनिअरचे नाव लक्षात ठेवा. बहुतेक स्टुडिओ दोन-तीन ट्रॅकवर, म्हणजे आवाज स्वतंत्रपणे नोंदवणाऱ्या फितीवरच्या दोन-तीन पट्ट्यांवर, काम करत होते त्या काळात, पन्नासच्या दशकाच्या अखेरीसच, अटलांटिकने आठ ट्रॅकचे यंत्र घेतले होते आणि ते पूर्ण वापरण्याची दृष्टी डाऊडकडे होती. जानेवारी 1967 मध्ये सोल गायिका अरेथा फ्रँकलिनला अलाबामातील मसल शोल्स इथल्या फेम स्टुडिओत नेण्यात आले. एक गाणे पूर्ण झाले, दुसरे अर्धवट राहिले, रात्री भांडण झाले आणि पुढचे सगळे बेत रद्द झाले. मग तिथल्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून अटलांटिकच्या स्टुडिओत उरलेला अल्बम पुरा झाला. ‘रिस्पेक्ट’ हे ओटिस रेडिंगचे गाणे तिने तिथे 14 फेब्रुवारी 1967 रोजी गायले आणि अल्बम मार्चमध्ये बाजारात आला. त्यानंतर मे महिन्यात त्याच कंपनीच्या स्टुडिओत, त्याच डाऊडच्या हाताखाली, क्रीमने ‘डिझरेली गिअर्स’ काही दिवसांत ध्वनिमुद्रित केला. अरेथाच्या पुढच्या वर्षीच्या ‘लेडी सोल’मध्ये एका गाण्यावर क्लॅप्टनची गिटार आहे. रॉक आणि सोलचे अल्बम वेगवेगळ्या महिन्यांत ऐकणाऱ्याच्या हातून नेमका हा धागा निसटतो.

शिकागोची जोडीही अशीच ऐकावी. मडी वॉटर्स हा तिथल्या ब्लूजचा ज्येष्ठ गायक. 1968 मध्ये त्याच्या कंपनीने तरुण रॉक श्रोत्यांसाठी त्याची जुनी गाणी कर्कश, चिरकत्या गिटारींवर नव्याने करून घेतली आणि ‘इलेक्ट्रिक मड’ हा अल्बम काढला. तो सुरुवातीला खपला, पण ब्लूजच्या जाणकारांनी झोडपला आणि खुद्द मडीलाही तो आवडला नाही. माझे मत जरा निराळे आहे. मडीचा अल्बम म्हणून तो कमकुवत आहे, कारण त्याच्या गळ्याला श्वास घ्यायला जागाच उरलेली नाही. पण त्यातला गिटारवादक पीट कोझी पुढे सत्तरच्या दशकात जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या ताफ्यात गेला, आणि तिथे त्याने जे वाजवले त्याची बीजे इथे स्पष्ट ऐकू येतात. त्याच्याच मागे 1969 चा ‘फादर्स अँड सन्स’ लावा. तिथे मडीच्या साथीला पॉल बटरफील्ड आणि माइक ब्लूमफील्ड हे गोरे शिष्य आहेत, पियानोवर जुना सोबती ओटिस स्पॅन आहे, आणि बासवर मेम्फिसचा तोच डक डन. गळ्याला जागा दिली की काय होते ते दोन अल्बममधल्या फरकातून कळते. शिकागोचा तिसरा अल्बम घ्यायचा असेल तर मॅजिक सॅमचा 1967 मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘वेस्ट साइड सोल’ घ्या. नावात सोल आणि वाजवणे ब्लूजचे, असा हा गायक 1969 च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला.

आता जॅझ. इथे जोसेफ झाविनुल या ऑस्ट्रियन पियानोवादकाचे बोट धरा. ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ हे त्याचे गाणे सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या गटाने 1966 च्या ऑक्टोबरात वाजवले आणि 1967 मध्ये ते लोकप्रिय झाले. विद्युत पियानोवरची ती चाल चर्चमधल्या सोल गायनाच्या इतकी जवळ आहे की जॅझ अवघड असतो ही भीती तिथेच गळून पडते. त्या अल्बमच्या कव्हरवर क्लबमधील कार्यक्रम असे म्हटले असले, तरी प्रत्यक्षात निमंत्रित श्रोते बोलावून तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला आहे. त्यानंतर त्याच झाविनुलने रचलेली आणि माइल्स डेव्हिसने 18 फेब्रुवारी 1969 रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘इन अ सायलेंट वे’ ही धून ऐका. या बैठकीत झाविनुल, हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया असे तिघे विद्युत कळफलकांवर आहेत आणि इंग्लंडहून नुकताच आलेला जॉन मॅक्लॉफलिन गिटारवर आहे.

याच नावाच्या अल्बमची दुसरी बाजू लावल्यावर डोळे मिटून शेवटची चार मिनिटे ऐका. सुरुवातीला वाजलेली धून परत येते. सारखी नव्हे, तीच. गिटारचा तोच थरथरता पहिला स्वर, त्याच जागी तीच उसंत. निर्माता टिओ मॅसेरोने ध्वनिफितीच्या पहिल्या भागाची प्रत काढून ती शेवटाला जोडली आहे, आणि पहिल्या बाजूलाही त्याने हेच केले आहे. बंदिशीचा मुखडा शेवटी परत घ्यावा तसे हे वाटते, पण गायकाचा मुखडा प्रत्येक वेळी थोडा निराळा उमटतो आणि हा कात्रीने परत आणलेला आहे. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणात फीत कापणे-जोडणे रूढ झालेले होतेच. अर्धा तास सलग वाजवणाऱ्या जॅझ वादकांच्या बैठकीतून कात्रीने रचना घडवणे, ही या अल्बमची कर्तबगारी मला फार मोठी वाटते. त्याच वर्षी 18 ऑगस्टच्या सकाळी वुडस्टॉकचा महोत्सव जिमी हेंड्रिक्सच्या वादनाने संपला आणि दुसऱ्याच दिवशी, 19 ऑगस्टला, माइल्सने ‘बिचेस ब्रू’चे ध्वनिमुद्रण सुरू केले. अल्बमवर साल 1970 चे आहे म्हणून तो तुमच्या यादीतून गळला असेल, तर परत घ्या.

जॅझ वादक दुसऱ्याच्या घरी गेल्यावर काय होते ते व्हॅन मॉरिसनच्या नोव्हेंबर 1968 च्या ‘ॲस्ट्रल वीक्स’मध्ये ऐकायला मिळते. गायक आयर्लंडचा, दुकानात कप्पा रॉकचा, पण बासवर रिचर्ड डेव्हिस आणि ड्रम्सवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के. डेव्हिसचा बास गायकाच्या मागे न राहता त्याच्याशी बोलत राहतो. एकदा संपूर्ण अल्बम फक्त बासकडे कान ठेवून ऐका.

इथवरचा क्रम पुन्हा सांगतो: मेम्फिस, मग अटलांटिक, मग शिकागो, मग झाविनुलपासून माइल्सपर्यंत, आणि शेवटी मॉरिसन. ओटिस रेडिंगची एखादी तबकडी धरून हे साधारण दहा-बारा अल्बम होतात. दर रविवारी एक जोडी, अशा गतीने दीड महिना पुरेल.

एक गोष्ट मात्र क्रमात न बसवता वेगळी सांगायची आहे, ती म्हणजे लांबी. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पिढीने राग साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवला आणि एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आल्यावर तोच राग पुन्हा ऐसपैस मांडता येऊ लागला. सोल संगीतात हे वळण 1969 मध्ये स्टॅक्सच्याच आयझॅक हेजच्या ‘हॉट बटर्ड सोल’ने आणले. डिसेंबर 1967 मध्ये ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला, त्याच्यासोबत बार-केज या तरुण साथसंघातले बहुतेक वादक गेले. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तीही मेम्फिसमध्येच, आणि ज्या लॉरेन मोटेलमध्ये झाली तिथे स्टॅक्सचे लोक एरवी गाणी लिहायला बसत. त्याच वर्षी अटलांटिकशी असलेला करार तुटला आणि जुन्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे हक्क अटलांटिककडे गेले. हातात काहीच न उरलेल्या कंपनीने 1969 च्या मध्यावर एकदम 27 अल्बम बाजारात आणायचे ठरवले. त्या गर्दीत एका अल्बमकडून फार अपेक्षा नव्हत्या, म्हणून हेजला मनासारखे करू दिले गेले. त्याने चारच गाणी केली, नव्याने उभ्या केलेल्या बार-केजच्या साथीने. शेवटचे गाणे अठरा मिनिटांहून मोठे आहे. त्यात आठेक मिनिटे ऑर्गनचा एकच स्वरसमूह धरून तो नुसती गोष्ट सांगतो आणि मग गाऊ लागतो. आलापाची सवय असलेल्या तुम्हाला हे लांबण वाटणार नाही.

हाच अल्बम विकत घेताना एक काळजी घ्या. त्याची दुसरी बाजू जवळजवळ चोवीस मिनिटांची आहे. बाजू लांब असली की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात आणि आवाज कमी ठेवावा लागतो. शिवाय मधल्या लेबलाजवळ सुईखालून खाच सरकण्याचा वेग कडेच्या तुलनेत अर्ध्याहून कमी होतो, त्यामुळे तिथे आवाज फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त. हेजचे गाणे भरात येते ते नेमके तिथेच. म्हणून जुनी प्रत घ्यायची तर दुकानात पहिले नव्हे, शेवटचे तीन मिनिट वाजवून पाहा.

मोनो की स्टिरिओ, याचे उत्तर अल्बम कसा घडला यावर ठरते. बीटल्सचा 1967 चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रावर झाला आणि मोनो मिक्सच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून अंतिम आवाज ठरवण्याच्या, वेळी चौघेही हजर होते. स्टिरिओचे काम नंतर त्यांच्याविना उरकले. त्यातले ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोत अधिक वेगाने आणि वरच्या पट्टीत आहे, तंबोरा जुळवून पाहिलात तर फरक सहज पकडाल. हा अल्बम मी मोनोतच ऐकायला सांगतो. याउलट 1969 चा ‘ॲबी रोड’ आठ ट्रॅकवर झाला आणि फक्त स्टिरिओतच निघाला, तिथे प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 1968 मध्ये मोनो जवळजवळ बंद केले, इंग्लंडमध्ये ते थोडे अधिक टिकले. म्हणून ढोबळपणे 1967 च्या मध्यापर्यंतचे रॉक आणि सोल मोनोत, त्यानंतरचे स्टिरिओत, आणि जॅझ दोन्ही काळांत स्टिरिओत, असे मी धरून चालतो, कारण जॅझच्या स्टुडिओंत स्टिरिओ बरेच आधी नीट हाताळले जात होते. अटलांटिकचे अल्बम या नियमाला अपवाद आहेत. डाऊडचे स्टिरिओ तेव्हाही चांगले असे. तुम्ही हेडफोनवर ऐकत असाल तर मोनोकडे आणखी झुका, कारण त्या काळच्या अनेक स्टिरिओ मिक्समध्ये गाणारा एका कानात आणि ड्रम्स दुसऱ्या कानात असतात, आणि तासाभरात डोके शिणते.

आता काकांची तबकडी. मूळ मोनो ध्वनिमुद्रण घेऊन एका स्पीकरच्या बाजूला खर्ज आणि दुसऱ्या स्पीकरच्या बाजूला तार स्वर वाढवायचे आणि त्याला स्टिरिओ म्हणून विकायचे, असा तो प्रकार आहे. सुरुवातीच्या काळात मीही अशा दोन तबकड्या एका दुकानातून स्टिरिओ समजून घेतल्या आणि माझेच स्पीकर बिघडले असे समजून आठवडाभर तारा तपासत बसलो होतो. तुमची तबकडी टाकून देऊ नका. ॲम्प्लिफायरचे मोनो बटण दाबा, ते नसेल तर डिजिटल प्रत करून डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकत्र करा. काही कंपन्यांनी दोन बाजूंमध्ये सूक्ष्म विलंबही घातलेला असल्याने मूळ आवाज पूर्णपणे परत येतोच असे नाही, पण गाणारा दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन उभा राहतो आणि तबकडी ऐकण्याजोगी होते. खऱ्या मोनो तबकडीलाही हेच बटण दाबा. मोनोच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असते, उभ्या हालचालीत असतो तो धूळ-ओरखड्यांचा आवाज, आणि बटण दाबताच त्यातला बराचसा निघून जातो.